सात किलो आणि नऊ ठिपके

मुलांनो, जरा डोळे मिटा. समजा, तुमच्यासमोर एक पिशवी ठेवली आहे. शाळेच्या दप्तराहून थोडी मोठी. तुम्हाला एकवीस दिवस लांबच्या देशात जायचे आहे, आणि बजावून सांगितले आहे की या पिशवीचे वजन सात किलोच्या वर जाता कामा नये. काय काय घ्याल? कपडे घ्या. खाऊ घ्या. एखादे आवडीचे पुस्तक घ्या. आता पिशवी उचलून पाहा. जड झाली ना? मग यातले काय काढायचे ते ठरवा. सावकाश ठरवा, घाई नाही.

झाले? उघडा डोळे, आणि आष्ट्यातल्या एका घरात चला. पुढच्या सोप्यात आढ्याला हळद मोजायचा लटकता काटा बांधला आहे. त्याच्या आकड्याला एक निळी पिशवी लोंबते आहे. सकाळचे आठ वाजलेत आणि काटा नऊच्याही पुढे गेला आहे. पिशवीची मालकीण चंदना कमरेवर हात ठेवून काट्याकडे बघते आहे.

"आत्ती, ह्यात काय घातलं परत?" तिने सासूला विचारले.

आक्काताई जोत्यावर बसून शेंगा फोडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "काय न्हाई. शेंगदाण्याची चटणी, थोडं भडंग, आन् चार कडक भाकरी."

"चार भाकरीला दोन किलो भरतंय व्हय?"

"चार म्हंजे चार थप्प्या."

चंदनाने पिशवी काढून खाली ठेवली आणि एकेक थप्पी बाहेर काढायला लागली. आक्काताई बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तिकडं कांदा-बटाट्याबिगर त्यांचं पान हालत न्हाई म्हणं. खाशील काय? आन् एक ध्यानात ठेव, दिवस मावळायच्या आत जेवायचं. आजवर मोडलं न्हाईस, तिकडं जाऊन मोडू नगंस."

"आत्ती, तिकडं ह्या महिन्यात रात्री अकरा वाजस्तवर ऊन असतंय. दिवस मावळतच न्हाई लवकर."

आक्काताईंनी हातातली शेंग तशीच धरली. थोडा विचार केला. "मग अकरा वाजस्तवर भूक लागणार की तुला. चार थप्प्या कमीच पडतील."

कोपऱ्यात बसलेली चंदनाची नऊ वर्षांची मुलगी सृष्टी हसली. चंदनाला हसू आले नाही. काल रात्री तिने पिशवी भरली होती तेव्हा काटा बरोबर सातवर होता. तीन सलवार-कमीज, स्वेटर, शाल, औषधे, कागदपत्रे आणि एक पितळेची चहाची गाळणी. गाळणी तिचे एकमेव हत्यार होते. जमिनीवर रंगाचा पातळ, एकसारखा थर द्यायला तिच्यासारखे दुसरे काही नाही. सकाळी उठून पाहते तर पिशवी फुगलेली.

चंदना गावातल्या शाळेत एकोणीस वर्षे चित्रकला शिकवत होती. फळ्यावरचा सुविचार तिच्या अक्षरात, स्नेहसंमेलनाचा पडदा तिच्या हातचा. कोणाकडे लग्न असो, कोणी पुढारी येवो, दारातल्या रांगोळीला चंदनाबाईंनाच बोलावणे. पहाटे काढायची, दहा वाजेपर्यंत पावलांनी पुसलेली असायची. त्याचे तिला कधी वाईट वाटले नाही. कृष्णेच्या काठचा गाळ, विटेचा भुगा, चुलीतली राख, वाळलेल्या हळदीच्या पानांची पूड असले रंग ती स्वतः करायची. अंकिता नावाची तिची एक जुनी विद्यार्थिनी आता पुण्यात नोकरी करत होती. तिने बाईंच्या रांगोळ्यांचे फोटो फिनलंडला पाठवले. तिथे एका तळ्यातल्या बेटावर दर उन्हाळ्यात सहा देशांतले सहा कलावंत बोलावतात, आणि त्यांनी जमिनीवर असे काही करायचे असते की जे पुढे राहणार नाही. चंदनाला पत्र आले.

पत्रात तीन अटी होत्या. अंकिताने त्या मराठीत लिहून पाठवल्या. बेटावर वल्ह्याच्या छोट्या होडीने जायचे, म्हणून सामान सातच किलो. रंग वगैरे काही आणायचे नाही, बेटावर जे सापडेल त्यातूनच काम करायचे. आणि बेटावर फोन नाही. फोन काठावरच्या कचेरीत पेटीत ठेवायचा. घरचा निरोप तिला आणि तिचा घरी आठवड्यातून एकदा कचेरीकडून मिळेल.

तिसरी अट ऐकून सगळ्या घराने डोक्याला हात लावला. चंदनाने ती तेवढी तीनदा वाचली.

का, ते सांगतो. जवाहरची, म्हणजे चंदनाच्या नवऱ्याची, विहीर नदीकडेला आहे आणि हळदीचे रान तिथून दीड मैल वर माळाला. वीज कधी येईल याचा नेम नाही. आली की विहिरीवर पळायचे आणि मोटार लावून पुन्हा रानात पळायचे, यात माणसाचा दम निघतो. म्हणून सहा वर्षांपूर्वी त्याने मोबाईल स्टार्टर बसवला. ठरलेल्या फोनवरून एका नंबराला रिंग दिली की विहिरीवरची मोटार आपोआप सुरू होते. मोटार बंद पडली तर तसे सांगणारा फोनही येतो. तो बसवताना जोतिबा फिटरने विचारले होते, "नंबर कुणाचा घालू?" जवाहर म्हणाला, "मालकिणीचा घाल. तिचा फोन कवाच बंद नसतोय." तो हे कौतुकाने म्हणाला होता.

तेव्हापासून ती मोटार फक्त चंदनाच्या फोनचे ऐकत होती. पुढे गॅसचा नंबर तोच झाला, बँकेचा तोच, आक्काताईंच्या गोळ्यांच्या दुकानाला तोच, शाळेच्या ग्रुपवर तोच. दर तासाला कोणीतरी कसला तरी आकडा विचारायचे आणि चंदना खडू खाली ठेवून तो वाचून दाखवायची.

गेल्या सव्वीस जानेवारीला शाळेच्या पटांगणात ती मोर काढत होती. मोराची मान चोचीपासून पाठीपर्यंत एका दमात उतरवायची असते. मध्ये हात थांबला की जोड पडतो, मग कितीही सफाईने सांधा. मान निम्मी झाली आणि फोन वाजला. जवाहर म्हणाला, "लाईट आली. लाव." चंदनाने ओढणीला हात पुसला, मोटार लावली, परत बसली. पाहुण्यांनी रांगोळीचे कौतुक केले. जोड कोणाच्या लक्षात आला नाही. चंदनाला मात्र तो झेंड्याच्या कट्ट्यावरूनसुद्धा दिसत होता. तिने बसून आठवून पाहिले. सहा वर्षांत बिनजोडाची अशी एकही रांगोळी तिच्या हातून झालेली नव्हती.

विमानाचे, परदेशाचे कौतुक गावाला होते. चंदनाला तिथे जाऊन एक अख्खी रेघ काढायची होती. फोन घेऊन गेली तर ती निघणार नाही, हे तिला पक्के ठाऊक होते. म्हणून तिने ठरवले होते की फोन पेटीपर्यंतसुद्धा न्यायचा नाही. तिकिटे कागदावर छापून घेतली, कचेरीचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून आरशाशेजारी चिकटवला. फोन घरी राहील, मोटार लावायची ती घरचे लावतील.

ठरवणे सोपे होते. निघायच्या दिवशी सकाळी नऊ वाजता तिने जोतिबाला फोन केला. पंधरा दिवस ती त्याच्या मागे लागली होती, की स्टार्टरमध्ये जवाहरचाही नंबर घाल.

"वैनी, आज शिराळ्याला हाय बघा," जोतिबा म्हणाला. "उद्या सकाळी पयलं काम तुमचंच."

"उद्या मी विमानात असणार, जोतिबा."

"मग तर बरंच झालं की. निवांत येतो."

तिने फोन ठेवला. एवढ्यात जवाहर रानातून न्याहारीला आला. पाय न धुताच म्हणाला, "काम केलंय बघ तुझं. तुझ्या फोनला एकवीस दिवसांचा प्याक मारून आलोय. जगात कुठनं बी लागतोय म्हणं."

"कशाला?"

"आसं बघ. हितं लाईट आली की मी तुला मिस कॉल देतो. तू तिकडनं रिंग दे. मोटार चालू."

चंदना त्याच्याकडे बघतच राहिली. "मी फिनलंडातनं आष्ट्याची मोटार लावू?"

"मोटारीला काय कळतंय तू कुठं हाईस ते?"

"आवं, फोन त्यांच्या पेटीत ठिवायचा असतोय."

"आईचा जुना हाय की बंद पडल्याला, तो दे पेटीत. ह्यो पिशवीत खाली घाल. कोण बघतंय?"

"आन् तिकडं तवा पहाट असली तर?"

"पहाटं उठतीसच की रांगोळीला."

आक्काताई खुदकन हसल्या. चंदनाने पाट ओढला. "बसा हितं. परत एकदा दाखवती."

हे परत एकदा नवव्यांदा होते. चंदनाच्या उजव्या अंगठ्याचे ठसे चिमटीतून रांगोळी सोडून सोडून पुसट झाले होते, त्यामुळे फोन तिचा अंगठा ओळखत नसे. जवाहरचा अंगठा लावून पाहिला, तर तो मातीने भेगाळलेला; फोनने त्यालाही ओळख दाखवली नाही. कुलूपच काढून टाकावे म्हटले तर बँकेचे काम अडत होते. सृष्टीला उघडता यायचे, पण ती साडेदहा ते पाच शाळेत; आज तेवढी आई निघणार म्हणून घरी होती. आक्काताईंना बारीक दिसत नव्हते. राहिला जवाहर. त्याचा स्वतःचा फोन साधा बटणांचा, आणि आता समोर पडद्यावरचे ते नऊ ठिपके. तीन ओळी, प्रत्येक ओळीत तीन. त्याच्यासाठी चंदनाने खूण अगदी सोपी करून ठेवली होती.

"हितनं सुरू. डावीकडं उभी रेघ खाली. मग तळाला आडवी. मग उजवीकडं उभी वर. बोट उचलायचं न्हाई."

जवाहरने बोट टेकवले. जाड बोट, त्याला माळाची कोरडी माती. रेघ दुसऱ्या ठिपक्यापर्यंत गेली आणि तुटली. पुन्हा लावले. पुन्हा तुटली. पाचव्या वेळी फोनवर अक्षरे आली: तीस सेकंद थांबा.

"काय म्हणतंय?" आक्काताईंनी विचारले.

"थांबा म्हणतंय," सृष्टी म्हणाली.

जवाहरने फोन पाटावर ठेवला. "हे बघ चंदना, हे माझं काम न्हाई. मला न्हाई जमायचं. तू आपला घेऊन जा." भाकरीचे दोन तुकडे उभ्या उभ्या खाऊन तो निघून गेला.

मोटारसायकलचा आवाज गल्लीच्या टोकाला गेला तरी चंदना पाटासमोर बसून होती. बारकी पोरे रेघ शिकतात. पहिलीतले पोर एका दिवसात शिकते. मग याला काय झाले? शिकायचेच नाही, दुसरे काय. ती निघूनच जाऊ नये, आणि गेली तरी इथलीच राहावी, असाच याचा हट्ट आहे, असे तिला वाटले.

दुपारी तिने फोन आरशाच्या फळीवर चार्जिंगला लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगितले, "ह्यो हितं ऱ्हाणार. मी न्हेणार न्हाई."

थोड्या वेळाने शेजारच्या राहीबाई ओटी भरायला आल्या. खण, तांदूळ, आणि चांगला मोठा, पाण्याचा नारळ. चंदनाने पदर नव्हता म्हणून ओढणी पसरली.

"काकू, नारळ न्हेता यायचा न्हाई बघा. वजन बसत न्हाई."

"ओटीचा नारळ मागं ठिवून जायचं नसतंय," राहीबाई म्हणाल्या. "माझी सून पुण्याला गेली तवा न्हेलाय तिनं."

"ती एस्टीनं गेली काकू."

"एस्टीत बसतोय आन् इमानात बसत न्हाई? मग इमान कसलं ते?"

शेवटी आक्काताई मध्ये पडल्या. नारळ त्यांनी देवाजवळ ठेवला, ती आल्याशिवाय फोडणार नाही असे राहीबाईंना कबूल केले, आणि ओटीतले पाच तांदूळ चंदनाच्या रुमालाच्या टोकाला बांधून दिले. या गडबडीत पिशवी सोप्यात उघडीच पडली होती.

तीन वाजता चंदनाचा अतिशय नावाचा धाकटा भाऊ मिरजेहून गाडी घेऊन आला. तो तिला मुंबईच्या विमानतळावर सोडणार होता. त्याच्या हातात चहाचा कप दिला आणि चंदनाने पिशवी शेवटची म्हणून काट्याला लावली. सकाळपासूनच्या भाकरी, चटणी, भडंग सगळे बाहेर होते. आता काटा सातवर थांबायला हवा होता.

काटा सातच्या पुढे अडीच रेघा गेला.

चंदनाने पिशवी हलवून पाहिली. काटा पुन्हा तिथेच आला.

"आत्ती, आता पुरं झालं."

"मी काय केलं?"

"परत घातलं कायतरी. कितीदा काढू मी? एकोणीस वर्षं नोकरी करती, घर करती, तुमची मोटार लावती. ह्या घरात सात किलोची पिशवी बी माझी म्हणून असू ने व्हय?"

अतिशयने कप हळूच खाली ठेवला. आक्काताईंचा चेहरा उतरला, पण आवाज शांत होता. "बघ उघडून. माझी चटणी निघाली तर मी आज जेवणार न्हाई."

चंदनाने चेन ओढली आणि त्याच वेळी पिशवीच्या आतून फोन वाजायला लागला.

कपड्यांच्या तळाशी सृष्टीची लाल कानटोपी होती. कानटोपीत चंदनाचा फोन, आणि नीट गुंडाळलेली चार्जरची वायर. पडद्यावर जवाहरचे नाव.

"लाईट आली," जवाहर म्हणाला. "लाव."

चंदनाने नऊ ठिपक्यांवरून बोट फिरवले आणि रिंग दिली. फोनमधली बाई नेहमीच्या सुरात म्हणाली, "मोटार चालू झाली आहे." सगळ्यांनी ते ऐकले. मग सगळ्यांनी सृष्टीकडे बघितले. ती खांबाला टेकून उभी होती आणि पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होती.

"तू घातलास?"

सृष्टीने मान हलवली.

"कवा?"

"राहीआजी ओटी भरत होती तवा."

"का गं?"

"पप्पा म्हणले तसं. बंद पडलेला पेटीत द्यायचा आन् हा तुझ्याजवळ ठेवायचा. मग तुला बोलता येईल. मी रोज न्हाई म्हणत. एक दिवसाआड."

चंदनाजवळ राग होता, तो कुठे ठेवावा हे तिला कळेना. ती आक्काताईंकडे वळली. "आत्ती, मी उगंच..."

"ऱ्हाऊ दे," आक्काताई म्हणाल्या. "काट्याला लावून बघ परत."

काटा सातवर थांबला.

चंदना सृष्टीला घेऊन बाहेर पायरीवर बसली. दारात आज रांगोळी नव्हती. लग्न होऊन या घरात आल्यापासून असे बहुधा पहिल्यांदाच झाले असेल. सकाळपासून तिला सुचलेच नव्हते. तिचा रांगोळीचा डबा पायरीच्या कडेला तसाच झाकून ठेवला होता. न्यायचा नव्हता, म्हणून राहिला होता.

"सव्वीस जानेवारीचा मोर आठवतोय तुला?" तिने विचारले.

"व्हय."

"त्याच्या मानंवर जोड होता बघ एक. मधीच फोन आला म्हणून."

"मला म्हाईतीये," सृष्टी म्हणाली. "डोळ्याच्या खाली. मी कुणालाच सांगितलं न्हाई."

चंदनाला वाटत होते, तो जोड पटांगणात एकट्या तिलाच दिसला.

"फोन न्हेला तर तिकडं बी तसंच व्हईल," ती म्हणाली. "निम्मी रेघ झाली की मला तुमची आठवण यील आन् मी फोन बघत बसीन. आठ दिवसांनी निरोप यील की माझा. तीनच निरोप. मग मीच यीन."

चंदनाने उठून फोन पुन्हा आरशाच्या फळीवर ठेवला. कानटोपी मात्र तिने पिशवीत टाकली. तिचे वजन काट्याला कळले नाही.

चार वाजता जवाहर आला. पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले. त्याने आधी फळीकडे बघितले.

"न्हेत न्हाईस?"

"न्हाई."

तो दारातच उभा राहिला. अतिशय पिशवी घेऊन गाडीकडे गेला, आक्काताई दही आणायला आत गेल्या. तेव्हा जवाहर हळू आवाजात म्हणाला, "खरं सांगू काय तुला? आठ दिवस झालं शिकवतीयास. मला ते उघडत न्हाई गं. आई बघत असती, पोरगी बघत असती. मी बोट लावलं की ते थांबा म्हणतंय. रानात मला कोण थांबा म्हणत न्हाई."

चंदनाने सकाळपासून ज्याला हट्ट समजले होते ते हे होते. शाळेत मागच्या बाकावर असे एखादे पोर असते. येत नाही म्हणून वही लपवते, आणि आपल्याला वाटते, माजले आहे. एकोणीस वर्षे तिने अशी पोरे ओळखली होती. घरातले ओळखले नव्हते.

तिने फळीवरचा फोन घेतला, त्याचा हात धरला. "घाबरायचं न्हाई. हितनं खाली..."

बाहेर हॉर्न वाजला. "ताई," अतिशयने हाक मारली, "इमान तुला न्यायला दारात येणार हाय काय?"

जवाहरचे बोट दचकून उचलले गेले. रेघ तुटली. त्याने फोन तिच्या हातातून घेतला. "जा तू. बघतो मी कायतरी."

आक्काताईंनी हातावर दही घातले. चंदना त्यांच्या पाया पडली. सृष्टीच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि गाडीत बसली. सगळे होऊनही काहीच झाले नव्हते. पिशवी सात किलोची होती, फोन घरी होता, आणि मोटार लावणारे कोणी नव्हते. पंधरा दिवसांची धडपड आणि शेवटची पाच मिनिटे कमी पडली, याची चुटपुट तिला आतून पोखरत होती.

गाडी वीस-पंचवीस पावले गेली आणि थांबली. गल्लीच्या तोंडाशी खताचा टेम्पो आडवा होता. चालक मागे-पुढे करत तो काढायच्या खटपटीत होता. अतिशयने स्टिअरिंगवर हात आपटला. चंदनाने काच खाली केली आणि मागे बघितले.

दारात जवाहर तसाच उभा होता. त्याच्या हातात फोन वाजला. चंदनाचा हात आपोआप पर्सकडे गेला. तिथे फोन नव्हता. जवाहरने फोन कानाला लावला, काढला, आणि त्याच्याकडे बघत राहिला. तिला इतक्या लांबूनही कळले, की मोटार बंद पडली. पुन्हा रिंग द्यायला कुलूप उघडायला हवे होते. त्याने बोट पुढे केले, मागे घेतले. मग गाडीकडे बघितले.

"ताई, थांबू का?" अतिशयने विचारले. "जाऊन ये पाहिजे तर."

चंदनाने दाराच्या मुठीला हात लावला.

तेवढ्यात पायरीवरून सृष्टी उठली. तिने रांगोळीचा डबा उघडला आणि दारासमोर, जिथे रोज आईची रांगोळी असायची तिथे, उकिडवी बसली. चिमटीत रांगोळी घेऊन एक ठिपका ठेवला. शेजारी दुसरा. तिसरा. खाली दुसरी ओळ. मग तिसरी. ठिपके मोठे मोठे होते, थोडे वाकडे. चंदनाने गाडीतूनच ते मोजले. नऊ.

"पप्पा, बसा," सृष्टी म्हणाली.

जवाहर चिखलाच्या पायांनी तिच्यासमोर बसला.

"ही आपली विहीर. ह्या काठानं खाली उतरायचं. तळातनं चालत जायचं. त्या काठानं वर यायचं. मधी बोट उचलायचं न्हाई, न्हाईतर पाण्यात पडशीला."

जवाहर काहीतरी बोलला, ते ऐकू आले नाही. पुढचा टेम्पो एकदाचा निघाला होता.

"चल," चंदना भावाला म्हणाली, आणि मुठीवरचा हात काढून मांडीवर घेतला.

गाडी हलली. मागे दारात सृष्टीने बापाचे जाड बोट दोन्ही हातांनी धरले आणि पहिल्या ठिपक्यावर ठेवले.